जयपूरचा फोटो, पण वेगळा

प्रश्न : दिवाळीनंतर जयपूरला जातोय. हवामहालाचे तेच ते फोटो नकोत. एखादा प्रयोग सुचवाल?

उत्तर : सकाळी जंतरमंतर या जुन्या वेधशाळेत जा आणि सम्राट यंत्रापाशीच थांबा. जयपूरचे राजे सवाई जयसिंग यांचं हे २७ मीटर उंच सूर्यघड्याळ. सावली सेकंदाला साधारण १ मिलिमीटर सरकते, नुसत्या डोळ्यांना दिसते! मी पिशवीवर टेकवलेला कॅमेरा अजिबात न हलवता दर ५ मिनिटांनी एक असे १२ फोटो घेतले आणि घरी पारदर्शक करून एकावर एक चढवले. पश्चिमेकडच्या कमानीवर सावलीच्या करड्या पायऱ्या उमटल्या. फोकस, एक्स्पोजर मॅन्युअलच ठेवा, नाहीतर दर फोटोत उजेड बदलतो. मधून माणसं गेली तर जाऊ द्या; त्यांच्या पुसट आकृत्या मला फार आवडतात.