हात गुंतव, डोळे नको

प्रिय मुली,

सकाळी जाताना विणते आणि संध्याकाळी येताना तेच उसवते, असं तू लिहिलंस. फोटो पाहिला आणि कपाळाला हात लावला. जाळीची वीण, दर चौथ्या ओळीला वेगळा हिशेब, आणि तेही धक्के खात जाणाऱ्या बसमध्ये! हात चांगला आहे गं तुझा. टाके एकसारखे पडलेत, लोकर कुठे ओढली गेलेली नाही. नमुना तेवढा चुकीच्या जागी आणलास.

गाडीत हात गुंतवायचे, डोळे नाहीत. मला एवढंच येतं आणि एवढंच मी सांगत राहणार.

सहा वर्षं मीही तेच केलं. पाऊण तास जायला, पाऊण तास यायला. वेणी, जाळी, दोन रंग. मांडीवर चौकटींचा कागद, ओठांवर आकडे. समोर एक बाई बसायची, माझ्याच स्टॉपवर चढायची. एक दिवस शेजारणीने विचारलं, 'त्या हल्ली येत नाहीत का?' तेव्हा लक्षात आलं, त्या जागेवर कितीतरी दिवस दुसरंच कुणी बसत होतं. चेहरा आठवायला गेले, तर आठवली तिची चप्पल. मान खाली घातली की तेवढंच दिसतं.

त्यानंतर जाळी घरी आणि गाडीत मोजे. लांब तारेच्या गोल सुईवर (दोन सुया तारेने जोडलेल्या असतात ती) साठ टाके घाल. गोल विणताना उलटी ओळ येतच नाही, नुसतं सुलट, सुलट. ते बोटांनाच कळतं. टाच मात्र घरी बसून वळव, तिथे मोजणं आलं. सुया बांबूच्या घे. स्टीलवरून टाके सरकतात, एक ब्रेक लागला की पाच-सहा गळाले. गुंडा आतल्या टोकाने सोडलास तर सीटखाली घरंगळत जाणार नाही. उतरताना ओळ अर्धी राहिली तरी राहू दे, फक्त टाके टोकावरून मागे तारेवर ढकल.

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत. तिथल्या बायका पाठीवर पीटची, म्हणजे जळणासाठी वाळवलेल्या दलदलीतल्या मातीची, टोपली घेऊन, चालता चालता विणायच्या. एक सुई कमरेच्या चामडी पट्ट्यात खोचलेली. त्या काय टाक्यांकडे बघत चालत असतील? डोळे वाटेवर!

माझ्या घरचे म्हणतात, अवघड झेपेना म्हणून ही मोज्यांवर आली. म्हणू देत. वेणीचे दोन स्वेटर कपाटात आहेत, हवे तेव्हा काढून दाखवीन. (इतक्या वर्षांनी ते दाखवावेसे का वाटतात, हे विचारू नकोस.)

आणि 'लोक टक लावून बघतात' म्हणतेस, ते तुला दिसलं कसं? तुझी मान तर खाली. हात गुंतव म्हटलं मी, डोळे गुंतव असं म्हटलं नाही. किती वेळा सांगू?

ती जाळी उसवू नकोस. टाक्यांमधून दोरा ओवून घरीच ठेव, रविवारी बघू. उद्या साठ टाके घालून नीघ. आणि तुझ्या समोर कोण बसतं, ते मला लिही.