सासूबाईंचा मिंक कोट

प्रश्न : ताई, मी मॉन्ट्रियलला राहते. माझ्या कॅनेडियन सासूबाईंनी त्यांचा चाळीस वर्षं जुना, मिंक नावाच्या लहान प्राण्याच्या फरचा कोट मला दिलाय. उणे पंचवीसमध्ये ऊब मस्त मिळते, पण घालून बाहेर पडताना मन खातं. घालू का? – एक वाचक

उत्तर : तुमचं मन खातंय, ते बरोबरच आहे. मी काही वर्षं डेन्मार्कमध्ये होते. तिथली एक मिंकशाळा, म्हणजे फरसाठी मिंक पाळतात ती जागा, मी पाहिली आहे. तारेचे अरुंद पिंजरे, माशांच्या खाद्याचा उग्र वास. मिंक हा पाण्यात सूर मारणारा प्राणी, आणि तिथे तो एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सारखा येरझाऱ्या घालत होता. ते वळणं अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. एका लांब कोटाला असे पन्नास-साठ जीव लागतात. 2020 मध्ये मिंकांमधून कोविड पसरेल या भीतीने त्या देशाने दीड कोटीहून जास्त मिंक मारून टाकले, तेव्हा मी रडले होते.

त्यामुळे नवी फर विकत घेणं मला मुळीच मान्य नाही. कॅलिफोर्नियात 2023 पासून तिच्या विक्रीवर बंदी आहे, ते योग्यच झालं.

जुन्या कोटाचं वेगळं. तो टाकून मेलेले जीव परत येणार नाहीत, आणि त्याऐवजी घ्यावी तर बाजारातली नकली फर म्हणजे बहुतेक प्लास्टिकच. पण तो घालून मिरवलात तर बघणारीला नवा घ्यावासा वाटेल. म्हणून मी तरी घालणार नाही. सासूबाईंशी आधी मोकळेपणाने बोला. आठवण म्हणून एक कॉलर ठेवा. उरलेला वन्यप्राण्यांच्या शुश्रूषा केंद्राला विचारून द्या. काही केंद्रं अनाथ पिल्लांच्या अंथरुणाला अशी जुनी फर घेतात.