पिकअप रिकामी उडते, चिखलात फिरते: आधी टायर बदलू की मागचे पाटे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही ऐरोलीत राहता, २०१७ची इसुझू व्ही-क्रॉस पिकअप आहे, टायर मूळ मापाचे, २५५/६५ आर१७. दर शनिवारी टोकावड्याच्या पुढे शेतावर जाता, शेवटचे तीन किलोमीटर कच्चे. कधी मागे खत, पाइप असतात, बहुतेक वेळा काहीच नसतं. रिकामी गाडी खड्ड्यावर मागून उडते आणि पावसात शेताच्या चढावर चाकं जागच्या जागी फिरतात. गॅरेजवाल्यांनी एमटी म्हणजे खास चिखलाचे टायर, दोन इंच लिफ्ट म्हणजे गाडी तेवढी उंच करणं, आणि मागे स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या जुडीत एक जादा पाटा असं तिन्ही एकदम सुचवलंय.

यातलं काहीच आत्ता करू नका. मी ठाण्यात कोलशेतला राहतो, आमची शेती मुरबाड तालुक्यातच, धसईच्या अंगाला. सहा वर्षं पिकअप चालवतोय. तुम्हाला सुचवलेल्या तीनपैकी दोन गोष्टी मी करून बसलो होतो आणि दोन्ही काढून टाकाव्या लागल्या. तुमचे ते पैसे वाचावेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी गाडी वजनकाट्यावर न्या. तुर्भ्याला एपीएमसीच्या आसपास किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारात काटे आहेत. तीन वजनं घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून आणि फक्त मागची ठेवून. एकदा रिकामी, एकदा तुमचं नेहमीचं जास्तीत जास्त सामान भरून. माझी रिकामी गाडी, टाकी फुल आणि मी आत बसलेलो, २०१० किलो भरली. त्यातले ११६० पुढे आणि ८५० मागे. मग डीएपी खताच्या ५० किलोच्या ८ गोण्या टाकल्या. पुढचा भार जेमतेम २० किलोंनी वाढला, मागचा मात्र १२३० झाला. म्हणजे मागच्या एक्सलवरचं ओझं जवळपास दीडपट, आणि पुढच्याला पत्ताही नाही. कुठलाही पिकअप मागून का उडतो, याचं उत्तर त्या पावतीवरच आहे. मागचे पाटे भरलेल्या गाडीसाठी बनवलेले असतात. रिकाम्या गाडीला ते फारसे वाकतच नाहीत, म्हणून खड्डा आला की पाट्याऐवजी अख्खी गाडी उचलली जाते. हायलक्स घ्या, बोलेरो कॅम्पर घ्या, मागे पाटेच आहेत आणि गोष्ट हीच आहे.

आता गाडीखाली वाका. पाट्यांच्या जुडीत वरचे पाटे पातळ आणि कमानदार असतात, सगळ्यात खालचा बहुतेक जाड आणि जवळजवळ सरळ. तो ओझ्याचा पाटा. वरचे पुरेसे दबले की मगच तो कामाला लागतो. हे मला कळंबोलीत ट्रकचे पाटे भरणाऱ्या एका वयस्कर कारागिराने दाखवलं. त्यांनी चिंधीने चिखल पुसला, टॉर्च लावला आणि त्या खालच्या पाट्याच्या टोकावर माझं बोट ठेवलं. तिथे गंज होता, खरखरीत, सलग. वरच्या पाट्यांची टोकं मात्र घासून आरशासारखी चमकत होती. ते म्हणाले, "हा खालचा कधी टेकलेलाच नाही. आहे तेच ओझं पुरं पडत नाही, आणि तुम्ही अजून एक पाटा टाकलाय." त्याच्या आठ महिने आधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये मी जादा पाटा टाकून घेतला होता, कारण "मागची बाजू मजबूत होईल" असं सांगितलं होतं. मजबूत झाली, पण रिकामी गाडी इतकी ताठ झाली की मागे बसलेल्या आईची कंबर धरली. जादा पाटा ओझं नसतानाही कडकपणा देतो, ही त्यातली मुख्य अडचण. तुमच्या गाडीची ती टोकं तपासा. गंजलेली असतील तर जादा पाट्याचा विषय तिथेच संपला.

उलट सल्लाही मिळेल, की खालचा जाड पाटा काढून टाका, गाडी मऊ होईल. होणार नाही. रिकाम्या गाडीत तो टेकलेलाच नसतो, मग काढून मऊ काय होणार? गाडी त्याच्या जाडीइतकी खाली बसेल आणि ज्या दिवशी गोण्या भराल त्या दिवशी आधार नसेल.

काही जण पाटे काढून मागे कॉइल स्प्रिंग बसवायला सांगतात. पाटा नुसती स्प्रिंग नाही, एक्सलला जागेवर धरून ठेवण्याचं कामही तोच करतो. तो काढला की एक्सल धरायला वेगळे दांडे, ब्रॅकेट, चेसिसवर वेल्डिंग, हे सगळं आलं. शेतावर जाणाऱ्या गाडीला हे नको. लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी पट्टी, लावून उचलण्याचंही तसंच. दोन इंच लांब शॅकल लावली तर मागची बाजू साधारण एकच इंच उठते आणि एक्सलचा कोन फिरतो, त्यामुळे प्रोपेलर शाफ्टमध्ये थरथर सुरू होऊ शकते. शिवाय काही पिकअपना मागचं ओझं ओळखून मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू उचलली की त्याला गाडी रिकामीच वाटते आणि भरलेल्या गाडीचा मागचा ब्रेक कमी पडतो. लिफ्ट करणाऱ्याने हा व्हॉल्व्ह पाहिला नाही तर तुम्हाला ते माळशेजच्या उतारावर कळेल, आणि तिथे कळून उपयोग नाही.

मग उडणं कमी कसं करायचं? हवेपासून सुरुवात करा. टायर हीसुद्धा स्प्रिंगच आहे, आणि पाट्यांच्या आधी खड्डा तोच खातो. आपल्याकडे पंपावर मोठी गाडी दिसली की चारही चाकांत चाळीस हवा मारतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा. रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो. स्वतःचा गेज घ्या आणि सकाळी टायर थंड असताना मोजा. मी मागची हवा चाळीसवरून स्टिकरच्या आकड्यावर आणली, त्या दिवशी कल्याण-शीळ रस्त्यावर अर्धा फरक जाणवला, एक रुपया खर्च न करता. गोण्या भरायच्या दिवशी मात्र वाढवायला विसरू नका.

दुसरं, शॉकअप. तुमची गाडी २०१७ची आहे आणि मागचे शॉकअप अजून मूळचेच असतील तर ते बहुतेक गेलेत. नळीवर तेलाचा ओलसर पट्टा दिसतो का बघा. मागच्या टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवा. हाताला उंच-सखल लाटा लागल्या तर चाक रस्त्यावर टिकत नाही, ठोके खात चाललंय. शॉकअप वजन उचलत नाही, तो फक्त उसळी शांत करतो, आणि तुमची तक्रार नेमकी उसळीचीच आहे. गॅसचे, मूळ लांबीचेच घ्या. पाट्यांचे बुश आणि शॅकलचे रबरही त्याच वेळी बदलून टाका, कारण गाडी तशीही वर चढवलेली असते.

महिन्यातून एकदा तीनशे किलो आणि एरवी रिकामी, असा तुमचा वापर असेल तर पाट्यांना हात लावायची गरज नाही. मागे कायमचा कॅनॉपी म्हणजे छप्पर, पाण्याची टाकी, पेट्या बसवणार असाल तरच त्या कायमच्या वजनाला साजेसा पूर्ण नवा संच घ्या. काट्याची पावती तेव्हा लागते, कारण चांगला विक्रेता पहिला प्रश्न वजनाचाच विचारतो.

आता टायर. ऐरोली, महापे, शीळफाटा, कल्याण, मुरबाड, टोकावडे हे सगळं डांबर आणि काँक्रीट, सत्तरेक किलोमीटर. त्यापुढे कच्चं तीन. हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवून टायर निवडा. एमटीचे ठोकळे मोठे आणि त्यांच्यात फटी रुंद. खोल चिखलात त्याला तोड नाही. पण ओल्या गुळगुळीत रस्त्यावर टेकणारं रबर कमी आणि ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा नसल्यासारख्या. मी एमटी लावले त्या वर्षी पहिल्या पावसात गायमुखच्या उतारावर, रिकामी गाडी, वेग जेमतेम चाळीस, नुसता ब्रेक दाबला आणि मागची बाजू डावीकडे सरकली. शेजारून दुचाकी चालली होती. हाताच्या अंतरावर थांबलो. त्या मुलाचा चेहरा अजून आठवतो. मागे ८५० किलोच असलेल्या गाडीला ते टायर पावसाळ्यात नकोतच, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही एटी घ्या, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे. योकोहामाचा जिओलँडर एटी, अपोलोचा अपटेरा एटी, असे पर्याय आहेत. नावापेक्षा दोन गोष्टी तपासा. एक, टायरवर मापाआधी एलटी लिहिलंय का. एलटी म्हणजे जाड अंगाचा, वजनदार टायर. तो सहजासहजी कापला जात नाही पण ताठ असतो आणि तेवढंच ओझं उचलायला स्टिकरपेक्षा जास्त हवा मागतो. रिकाम्या पिकअपवर तो लावला की उडणं परत आलं. रोज खडीच्या खाणीत जाणाऱ्याने एलटी घ्यावा, तुम्ही साधा घ्या. दुसरी, भार निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नको. ११० म्हणजे एका टायरला १०६० किलो. तारीखही पाहा: चार आकड्यांचा शिक्का, २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा.

माप तेच ठेवा. कोणी १८ इंची रिम सुचवलं तर एवढं पाहा: २५५/६५ आर१७ आणि २५५/६० आर१८ यांची एकूण उंची सारखीच, साधारण ७६३ मिलिमीटर. मोठ्या रिममध्ये रबराची भिंत मात्र १६६वरून १५३वर येते. आपल्याकडचा काळा दगड धारेचा असतो, भिंत जितकी उंच तितकं रिम सुरक्षित. गाडीत मनाने बदल करण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली एका बदलामागे ५००० रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद आहे, तेही लक्षात असू द्या.

शेताच्या चढाचं म्हणाल तर, डांबर संपतं तिथेच थांबून चारही टायर २२ पीएसआयवर आणा आणि अडकायच्या आधीच फोर हाय टाका, म्हणजे चारही चाकांना जोर मिळेल. हवा २२च्या खाली नको, दगड भिंत फाडतात. परतताना बारा व्होल्टच्या कॉम्प्रेसरने भरा, टायरमागे पाचेक मिनिटं लागतात. जून ते सप्टेंबर मी मागच्या एक्सलच्या बरोबर वर रेतीच्या तीन गोण्या, सव्वाशे किलोंच्या आसपास, हुकांना घट्ट बांधून ठेवतो. चाक कमी फिरतं आणि गाडी उडतही कमी. सैल ठेवू नका, ब्रेक लागला की त्या पुढे येऊन आदळतात. आणि चिकण मातीत कुठलाही एटी लाटण्यासारखा गुळगुळीत होतो, तिथे फावडं आणि ट्रॅक्टरवाल्या शेजाऱ्याचा नंबर हवाच.

काट्यावरची दोन्ही वजनं आणि खालच्या पाट्याच्या टोकाचा फोटो इथेच टाका. शॉकअप कुठल्या जातीचे घ्यायचे ते त्यावरून नक्की सांगता येईल.