तीन संख्यांचा लसावि: चूक मुलाची नाही, सूत्राची आहे

स्वारगेटहून तीन बस 12, 18 आणि 20 मिनिटांच्या अंतराने सुटतात, सकाळी 7 ला एकत्र सुटल्या, तर पुन्हा एकत्र कधी? म्हणजे तिघांचा लसावि, तिन्ही संख्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या, काढायचा. तुमच्या मुलाने उत्तर काढलं 2160 मिनिटं. म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 7! त्याचा गुणाकार बरोबर आहे, भागाकारही बरोबर आहे. चुकलंय ते क्लासने पाठ करून घेतलेलं 'गुणाकार भागिले मसावि' (मसावि म्हणजे सगळ्यांना भागणारी सर्वांत मोठी संख्या). हे सूत्र फक्त दोन संख्यांसाठी आहे, आणि ही अट कित्येक क्लासच्या नोट्समध्ये छापलेलीच नसते. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांचे सर्वांत जास्त गुण इथेच जातात असं माझं मत.

मूळ अवयव पाडता येतात हे धरून चालतो. 12 = 2² × 3, 18 = 2 × 3², 20 = 2² × 5. लसावि म्हणजे प्रत्येक मूळ संख्येचा सर्वांत मोठा घात: 2² × 3² × 5 = 180. तीन तास, म्हणजे सकाळी 10. मसावि म्हणजे तिघांतही असलेल्या मूळ संख्येचा सर्वांत लहान घात: फक्त 2.

आता सूत्र का फसतं ते मुलाला दाखवाच. दोन संख्या असल्या की एक घातांक लहान, दुसरा मोठा. लहान मसाविने काढून घेतला की उरतो तो मोठा, हिशेब संपला. तीन संख्यांत मधला घातांकही उरतो. इथे 2 चे घातांक 1, 2, 2, म्हणून मधला 2. 3 चे 0, 1, 2, मधला 1. 5 चे 0, 0, 1, मधला 0. जादा राहिले 2² × 3 = 12, आणि 180 × 12 = 2160. तंतोतंत त्याचं उत्तर. सूत्र वापरायचंच असेल तर आधी 12 आणि 18 चा लसावि 36 काढा, मग 36 आणि 20 चा.

उभ्या मांडणीतही, म्हणजे तिन्ही संख्या ओळीत मांडून एकत्र भागत जाताना, अशीच गफलत होते. 2 ने भागल्यावर 6, 9, 10 उरले, तिघांना भागणारी संख्या नाही, म्हणून मुलं थांबतात आणि 2 × 6 × 9 × 10 = 1080 लिहितात. मसाविसाठी तिथे थांबायचं, लसाविसाठी नाही. दोघांना भाग जातो तोवर भागत राहायचं. आणि भागायचं मूळ संख्येनेच. सुरुवातीला 4 ने भागलं तर 18 मधला 2 तसाच राहतो आणि उत्तर 360 येतं.

शाळेत कोणती मांडणी मागतात ते मात्र विचारून घ्या, मी घातांकांच्याच बाजूचा आहे. जाता जाता, 51, 57 आणि 91 मूळ वाटतात पण नाहीत: 3 × 17, 3 × 19, 7 × 13. हे तीन त्याच्याकडून तोंडी करून घ्या.