प्रश्न तुमचे, उत्तरं बाईंची

प्रश्न : बाई, मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रिकर्शनमध्ये फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅममधला एक ठरावीक काम करणारा तुकडा, स्वतःलाच बोलावतं म्हणतात. मग ते थांबतं कसं? आणि परीक्षा सोडली तर याचा उपयोग कुठे?
– एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : थांबतं, कारण कुठे थांबायचं ते आपण आधीच लिहून दिलेलं असतं. ते राहिलं तर अर्धवट कामं स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या एकावर एक रचलेल्या चळतीवर, साठत जातात आणि जागा संपली की प्रोग्रॅम बंद पडतो.

मराठी शाळेत मात्रा मोजल्या असशील. लघूची 1, गुरूच्या 2. आता सांग, 4 मात्रांची ओळ लघू-गुरूंच्या किती मांडण्यांनी बसेल? शेवटचं अक्षर बघ. लघू असेल तर मागे 3 मात्रा उरतात, गुरू असेल तर 2. म्हणजे 3 च्या मांडण्या आणि 2 च्या मांडण्या मिळवल्या की झालं. 3 साठीही हीच रीत. उतरत उतरत 1 मात्रेची एक मांडणी आणि 2 मात्रांच्या दोन, इथे थांबायचं. मग वर चढत ये : 3 ला तीन, 4 ला पाच, 5 ला आठ. गुजरातेतल्या आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात छंदांचा विचार करताना हीच रीत सांगितली. इटलीतला गणिती फिबोनाची याचं, सशांची संख्या कशी वाढते ते याच आकड्यांनी सांगणारं गणित 1202 सालचं, म्हणजे त्यानंतरचं. वर्गात हे आवर्जून सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

एक मात्र सांभाळ. 10 मात्रांच्या मांडण्या 89. नियम जसाच्या तसा प्रोग्रॅममध्ये उतरवलास तर फंक्शन 109 वेळा चालतं, त्यात 4 मात्रांचा हिशोब 13 वेळा होतो! निघालेलं उत्तर ॲरेत, म्हणजे ओळीने मांडलेल्या खणांत, जपून ठेवलंस तर आठ बेरजांत काम भागतं.

उपयोग म्हणशील तर फोल्डरातल्या फोल्डरात फाईल शोधणं याच रीतीने चालतं. ‘निपाणीची मावशी म्हणाली की मामा सांगत होता की गाडी चुकली’ हे वाक्यात वाक्य बसवणंही तेच, म्हणून भाषाशास्त्रात याला मोठं स्थान आहे. भूमितीत हेल्गे फॉन कॉख या स्वीडिश गणितज्ञाने 1904 मध्ये प्रत्येक रेघेच्या मधल्या तिसऱ्या भागावर टोक काढत नेलं. तिथे थांबा नाहीच, आणि त्या वक्राची लांबी अनंत होते.

आधी 5 मात्रांच्या आठही मांडण्या वहीत हाताने लिहून काढ, प्रोग्रॅम त्यानंतर.