बाबा पत्रकात काय शोधतात?

ताई, नमस्कार.

मी सिंदेवाही तालुक्यातला, वय २८. बी.ए. झाल्यावर दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी केली, मग नाटकात शिरलो. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातल्या, नाट्यहंगामात वडसा गावच्या एका नाटक कंपनीत लहानमोठ्या भूमिका करतो. मागच्या हंगामात ४७ नाईट, म्हणजे रात्रीचे प्रयोग, झाल्या. घरी अडीच एकर धान आहे. हंगाम संपला की शेती, आणि गावात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. बायको म्हणते, पोरगी आता शाळेत जाईल, काहीतरी पक्कं पाहा. कंपनीसाठी मी दोन नाटकंही लिहिली. नाटकाच्या जाहिरातीच्या पत्रकावर लेखक म्हणून मालकांचं नाव असतं, ते ठीक आहे, त्यांनीच मला उभं केलं. एका नाटकाचे एकदाच ७००० दिले. यंदाच्या नाटकाचे दोन अंक देऊन झालेत, तिसरा धानाची रोवणी (लावणी) आटोपली की देईन. बाबांना माझं नाटकाचं खूळ आवडत नाही. प्रयोगाला येत नाहीत. घरी पत्रक आणलं की उलटंपालटं करून पाहतात आणि काही न बोलता ठेवून देतात. मित्र म्हणतात मुंबईला जा, सिरीयलमध्ये घेतील. तुम्हीच सांगा, मुंबई गाठू की कला सोडून नोकरी धरू?

– एक नाटकवेडा

बाबू,

तुझ्या पत्राची मला आलेली प्रत दोन पानांची आहे. वर छापताना कमी केली. त्यातलं दीड पान मुंबईवर आहे. कोणाची ओळख आहे, खोलीचं भाडं किती, ऑडिशन कुठे होतात, सगळं तू विचारून ठेवलंस. बाबांवर चार ओळी. मी त्यातल्या शेवटच्या ओळीवर अडकले आणि पुढे जाऊ शकले नाही.

ज्याला नाटक आवडत नाही तो माणूस पत्रक हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहत नाही. तो ते चुलीजवळ ठेवतो, नाहीतर त्याच्या कोऱ्या बाजूवर धानाचा हिशोब लिहितो. तुझे बाबा आधी वरची बाजू वाचतात, मग उलटतात, मग पुन्हा पाहतात. दर वेळी. ते काय पाहतात असं तुला वाटतं? ज्या पोरानं उन्हाळाभर कंदील-बॅटरीत बसून वह्या भरल्या, त्याचं नाव कुठे छापलंय ते पाहतात. सापडत नाही. मग बोलणार काय? ठेवून देतात. तू त्याचा अर्थ नावड असा लावलास. मला खात्री आहे की तो अर्थ चुकीचा आहे.

आता तुझ्या त्या तीन शब्दांकडे येते. "ते ठीक आहे."

ते ठीक नाही. मला राग आला तो याच शब्दांचा, आणि मालकांपेक्षा जास्त तुझा आला. मालकांनी तुला पहिल्यांदा रंगमंचावर उभं केलं, हे मी मान्य करते. त्याची परतफेड तू ४७ रात्री जागून केलीस. रात्री दहाला पडदा वर, पहाटे कोंबडं आरवल्यावर खाली, तिथून टेम्पोत बसून दुसऱ्या गावी. उपकाराचं एवढं व्याज पुरे झालं. तू याला कृतज्ञता म्हणतोस. मला त्यात भीती दिसते. नाव मागितलं तर भूमिका जाईल, ही भीती. ती खरी असेलही. पण तिला कृतज्ञतेचं लुगडं नेसवू नकोस, कारण मग ती आयुष्यभर घरात राहते.

तू मनात म्हणशील, नावाचा हव्यास बरा नव्हे, कला मोठी. हे वाक्य मी फार ऐकलंय, आणि ज्यांच्या कष्टावर दुसऱ्याचं नाव लागतं त्यांच्याच तोंडून ऐकलंय. आपल्या संतांकडे बघ. अहंकार सोडा म्हणून जन्मभर सांगणारी ती माणसं, पण अभंगाच्या शेवटच्या चरणात नाव घालायला विसरली नाहीत. तुका म्हणे. नामा म्हणे. जनाबाई तर परक्या घरची दासी, जातं ओढणारी. तिनंही रचनेवर आपलं नाव ठेवलं, म्हणून सातशे वर्षांनी आपल्याला ती ठाऊक आहे. आपल्या मोझरीचे तुकडोजी महाराज खंजिरीवर भजन म्हणायचे, शेवटी "तुकड्या" हे नाव यायचंच. त्याला नाममुद्रा म्हणतात. हे शब्द माझ्या जिवातून आले, यांची जबाबदारी माझी, एवढं ती सांगते. त्यात हव्यास कसला?

माझ्या मामांचं सांगते. लाखांदूरकडचे. दंडार आणि खडी गंमत ही आपल्याकडची लोकनाट्यं. दिवाळीच्या दंडारीसाठी गाणी रचायचे, खडी गंमतीचे सवालजवाब बांधायचे. वही कोणीही मागावी आणि मामांनी द्यावी. "नाव कायले पायजे, लोक गातेत ना," म्हणायचे. म्हातारपणी गुडघे गेले, शेती भावानं कसायला घेतली. कोणीतरी सांगितलं, सरकार वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन देते, अर्ज करा. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतासाठी ही योजना आहे, आता महिन्याला ५००० रुपये मिळतात. तेव्हा कमी होते, पण मामांच्या औषधाला झाले असते. अर्जासोबत कलेच्या कामाचा पुरावा लागतो. पत्रक, कात्रण, प्रमाणपत्र, काहीही. आम्ही घरातल्या पेट्या उपसल्या. चाळीस वर्षांच्या रचनेतून मामांचं नाव छापलेला एक कपटा निघाला नाही. अर्ज परत आला. ते गेल्यावर दोन वर्षांनी एका मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, मी त्यांचं गाणं ऐकलं. माईकवरचा पोरगा म्हणाला, आता एक पारंपरिक गीत. मी गर्दीत उभी होते आणि मला ओरडावंसं वाटलं की अरे, या गाण्याला मामा होता, याला भाचे आहेत.

म्हणून तुझं पत्र मला हलकं घेता येत नाही.

नटाचं थोडं वेगळं असतं. त्याचा चेहरा लोक पाहतात, बाजारात ओळखतात, दुसरी कंपनी बोलावते. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीतल्या घराघरात तो आपलाच मान वाटला, कारण तो चेहरा लोकांनी समोर पाहिलेला होता. लेखक विंगेतही नसतो. त्याच्याजवळ कागदावरच्या नावाखेरीज काही नाही. तेच तू देऊन टाकलंस, ७००० रुपयांत, दोनदा.

पैशाचंही बघू, कारण तुझ्या बायकोचा प्रश्न रास्त आहे. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक रंगभूमीवर लेखकाला प्रयोगामागे मानधन मिळण्याची रीत आहे. समज, तुझं नाटक हंगामात साठ ठिकाणी लागलं आणि तू प्रयोगामागे फक्त ३०० धरलेस, तर १८,००० होतात. नाटक चाललं तर पुढच्या हंगामात पुन्हा. आणि तू त्या रात्री अंगणात झोपलेला असलास तरी होतात. कलेवर जगायचं म्हणणाऱ्याला हेच लागतं: एकदा केलेलं काम पुन्हा पुन्हा घरात काहीतरी आणणारं. नाईटचा पैसा तसा नाही. घसा बसला, ताप आला, पाय मुरगळला की नाईट गेली.

कायदा तुझ्या बाजूनं आहे, हे तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा म्हणतो, जो लिहितो तो पहिला मालक. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि लेखकाच्या सहीनं द्यावा लागतो, तोंडी दिलेला धरत नाहीत. तू पगारी नोकर म्हणून लिहिलं नाहीस आणि कुठे सही केली नसशील, तर ती आधीची दोन नाटकंही अजून तुझीच आहेत. केली असशील तर तो कागद मागून घे आणि वाच. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. आणि हक्क विकले तरी लेखक म्हणवून घ्यायचा अधिकार विकला जात नाही, तो वेगळा राहतो. लेखक जिवंत असेपर्यंत आणि त्याच्या मागे ६० वर्षं कॉपीराइट चालतो. तुझी पोरगी म्हातारी होईपर्यंत, बाबू. नोंदणी सक्तीची नाही, करायची झाली तर एका नाटकाला ५०० रुपये फी आहे आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. तू गावाचे फॉर्म भरतोस. स्वतःचा एक भरायला किती वेळ लागेल?

जुन्या वह्या कुठे आहेत? खोडलेल्या, चहाचे डाग पडलेल्या, त्याच हव्यात. माळ्यावर असतील तर उंदरांच्या आधी तू गाठ. प्रत्येक पानाचे मोबाइलवर फोटो काढ आणि स्वतःलाच ईमेल कर, म्हणजे तारीख राहते.

आता करायचं काय ते सांगते, आणि एकच सांगते.

तिसरा अंक देऊ नकोस.

लिहून काढ, उत्तम लिही, पण वही घरात ठेव. आता रोवणी चालू आहे. दसऱ्याच्या आसपास गावोगावची मंडळं वडशाला नाटक ठरवायला येतील, भाऊबीजेपासून मंडया सुरू होतील. मालकांना त्याआधी तालीम हवी, पत्रक छापायला हवं, बॅनर हवा. शेवटचा अंक नसलेलं नाटक कोणतंच मंडळ बुक करत नाही. वर्षातले हे दोन महिने असे आहेत, जेव्हा तुला त्यांची जेवढी गरज आहे त्यापेक्षा त्यांना तुझी जास्त आहे. दिवाळीनंतर हे बोलायला गेलास तर ते चहा पाजून पाठवतील.

जा, आणि उभ्यानं बोलू नकोस, बस. भांडू नकोस. म्हण, "मालक, तिसरा अंक तयार आहे. यंदा लेखक म्हणून माझं नाव टाकू. पत्रकावर, बॅनरवर आणि प्रचाराच्या गाडीच्या भोंग्यावर. प्रयोगामागे ३०० द्या. कागद मी लिहून आणलाय, एका हंगामासाठी आहे, सही करू." मग गप्प राहा. ती शांतता तुला जड जाईल, तू ती भरायला जाशील, "तसं नाही हो मालक" असं काहीतरी म्हणशील. म्हणू नकोस. संवाद लिहितोस ना? कुठे थांबायचं ते तुला कळतं. प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे नाटकाची संहिता जाते, त्या अर्जात लेखक म्हणून कोणाचं नाव लिहिलं हेही विचार. या नाटकाचा अर्ज जाताना तुझ्या डोळ्यांदेखत जाऊ दे.

ते नाही म्हणाले तर? वही पिशवीत घाल आणि उठ. वडशाला एकच कंपनी नाही. कदाचित यंदा तुझी भूमिका जाईल, ४७ च्या जागी वीस नाईट होतील. हे मी लपवत नाही, आणि बायकोलाही आधी सांग, तिच्याशी बोलून मग जा. ती पक्कं पाहा म्हणते, तेव्हा ती तुझं नाटक बंद करायला सांगत नाही, घरात येणाऱ्या पैशाला काही आकार आहे का ते विचारते. तिला हा हिशोब कळेल. तुझ्याआधी कळेल.

मुंबईचं म्हणशील तर तिथे दारात उभं राहून काय दाखवशील? दोन नाटकं लिहिली म्हणशील, ते पत्रक मागतील, त्यावर दुसऱ्याचं नाव. जायचं तेव्हा जा, मी अडवणार नाही, पण हातात काहीतरी घेऊन जा. आणि फॉर्म भरायचं काम सोडू नकोस. धानही सोडू नकोस. रोवणीला चिखलात उतरणारा लेखक कमी प्रतीचा नसतो, झाडीपट्टीतल्या कितीतरी कलावंतांनी असंच निभावलंय.

वडशाला जायच्या आदल्या रात्री एक काम कर. नव्या वहीच्या पहिल्या पानावर नाटकाचं नाव लिही, खाली "लेखक" असं लिहून तुझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि गाव. ते पान बाबांच्या हातात दे. त्यांना चष्मा आहे की नाही हे तू लिहिलं नाहीस, तेव्हा अक्षर मोठं काढ.

– तुझी ताई