वीडरला स्वस्तातलं इंजिन बसेल का?

प्रश्न: बागेतल्या छोट्या पॉवर वीडरचं (तण काढायच्या यंत्राचं) इंजिन पार गेलंय, पिस्टन जाम. ओरिजनल परवडत नाही, चायनीज घेऊ का?

उत्तर: घ्या की, पण आधी जुन्या इंजिनचा शाफ्ट, म्हणजे पुली बसते तो बाहेर आलेला दांडा, व्हर्नियरने मोजा, कारण १६८एफ टाइपची (वीडरवर बसणारी छोटी पेट्रोल) इंजिनं दिसायला सगळी सारखीच, पण कुणाचा शाफ्ट पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी तर कुणाचा २०, आणि तेवढ्या एका मिलिमीटरने पुली चढतच नाही, मग हातोडीने ठोकायला जाऊ नका हो, क्रँकची वाट लागते. शाफ्टवरची चावीची खाच (पुली घसरू नये म्हणून लोखंडी पट्टी बसते ती), बोल्टची भोकं पण जुळवून बघा. आणि हो, नवीन इंजिन बहुतेक वेळा ऑइलशिवाय येतं, साधारण ६०० मिली लागतं, लेव्हल बघितल्याशिवाय दोरी ओढायचीच नाही.